पंचनाम्यातली 'चालकाची चूक' : रस्ते अपघात कमी करायचं धोरण नेमकं कुठून सुरू व्हावं?

घाटमाथा

जवळपास प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं : 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून'. हे लिहून झालं की तपास चालकापाशी संपतो. वळणाला बाहेरच्या बाजूने हवा तेवढा चढ दिला होता का, पुलाच्या खांबापुढे कठडा होता का, दुभाजक कुणी फोडला होता का, हे कुणी लिहून घेत नाही. वर्षाअखेरीस या फिर्यादींची बेरीज होते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात पडले. त्या रकान्याकडे बघून धोरण ठरतं, मग प्रबोधन, सप्ताह आणि फलक यांच्यापलीकडे फारसं काही सुचत नाही.

माझ्या मते प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे विचारायला हवेत. अपघात कशाने झाला? आणि माणूस कशाने मेला? चालकाला डुलकी लागली, हे पहिल्याचं उत्तर. गाडी रस्ता सोडून उघड्या काँक्रीटच्या खांबावर आदळली, हे दुसऱ्याचं. डुलकी पूर्ण थांबवणं कुणाच्याच हातात नाही. खांबापुढे कठडा लावणं मात्र हातात आहे.

आपल्याकडे हे करून पाहिलेलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. २०१६ साली त्यावर १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्र यांनी मिळून 'शून्य मृत्यू' प्रकल्प हाती घेतला. अपघाताच्या जागेवर जाऊन मोजमापं घ्यायची, घसरल्याच्या खुणा आणि गाडीचा चेंदा कुठून झाला ते बघायचं, आणि चालक, वाहन, रस्ता या तिन्हींची कारणं वेगवेगळी लिहायची, अशी पद्धत ठेवली. त्यातून उघडे खांब, दुभाजकाची बोथट टोकं, कठड्यातल्या फटी, कडेला उभे राहणारे ट्रक अशी यादी निघाली आणि ती एकेक करून दुरुस्त होत गेली. २०१९ मध्ये आकडा शंभराच्या आत आला. म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, हे मुद्दाम सांगतो, कारण २०२० चा आकडा दाखवला की लोक लगेच तेच म्हणतात.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' स्वीकारलं तेव्हाही गाभा हाच होता : माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये.

जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातलं नेमकं लिहावं. 'लोकांना अक्कल नाही' यापुढचं.

खडीकर

धागा आवडला. कठड्यावर सविस्तर लिहितो, कारण तो सगळीकडे दिसतो आणि फार ठिकाणी चुकीचा बसवलेला असतो.

डब्ल्यू आकाराच्या पत्र्याचा जो कठडा आपण बघतो, त्याची मापं ठरलेली आहेत. पत्रा ३ मिमी जाड. खांब १.८ मीटर लांब, त्यातला १.१ मीटर जमिनीत आणि ७० सेंमी वर. दोन खांबांमध्ये २ मीटर अंतर. खांब आणि पत्रा यांच्यामध्ये एक ठोकळा, त्याला स्पेसर म्हणतात. गाडी आदळली की पत्रा ताणला जातो, खांब वाकतात आणि गाडी कठड्याला घासत परत रस्त्याच्या दिशेने वळते. हे काम पत्रा, खांब, ठोकळा आणि टोकाची पकड मिळून करतात. यातलं एक जरी गेलं तरी उरतो तो नुसता पत्रा.

कुठे बिघडतं ते सांगतो. खाली कातळ लागला की खांब पुरता उतरत नाही. मग वरून कापून सगळे एका उंचीचे करतात. दिसायला रांग सुरेख, पण खांब जमिनीत हातभरच. मोजमाप पुस्तकात १.१ मीटरच लिहिलेलं असतं, म्हणून देयक देण्याआधी अधूनमधून एखादा खांब उपटून बघण्याची अट निविदेत हवी. ठोकळे तर कित्येक ठिकाणी नसतातच. ठोकळा नसला की चाक थेट खांबाला अडकतं आणि गाडी गर्रकन फिरते.

पत्र्यांचे जोड बघा. वाहतूक ज्या दिशेने येते त्या बाजूचा पत्रा पुढच्या पत्र्याच्या वर, म्हणजे रस्त्याच्या अंगाला यायला हवा. कौलं लावताना वरचं कौल खालच्यावर चढवतो, तसंच. उलटा जोड असला तर पत्र्याची धार येणाऱ्या गाडीसमोर उघडी राहते.

आणि सगळ्यात घातक म्हणजे कठड्याची सुरुवात. माशाच्या शेपटीसारखं टोक रस्त्याच्या अगदी कडेला संपवलेलं असतं. समोरून आलेल्या गाडीत तो पत्रा भाल्यासारखा शिरतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी टोक जमिनीत वाकवून पुरतात, पण मोठ्या वेगात त्याची घसरगुंडी होते आणि गाडी हवेत उडते. टोक रस्त्यापासून हळूहळू दूर वळवून मागच्या उतारात पक्कं गाडायचं, किंवा जागा नसेल तर धक्का शोषणारं टोक बसवायचं.

आणखी एक, जे कुणाच्या लक्षात येत नाही : डांबराचे थर. ५ सेंमीचे दोन थर चढले की ७० चा कठडा ६० चा होतो आणि उंच गाड्या त्यावरून पलटी खातात. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातच कठडा उचलायचा खर्च धरला पाहिजे.

शिस्तप्रिय

सगळं रस्त्यावर ढकलणं मला पटत नाही. मरणाऱ्यांत सर्वात जास्त दुचाकीस्वार आहेत. डोक्यावर हेल्मेट नाही त्याला कठडा काय वाचवणार? दंड दहापट करा, परवाने कायमचे रद्द करा, महिन्याभरात फरक दिसेल.

वकीलताई

शिस्तप्रिय, दुचाकीबद्दल तुमचं बरोबर आहे. २०२२ मध्ये एकूण मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेटने मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला मार बसण्याची सुमारे ६९ टक्के कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे. पण दंड तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाढलेलेच आहेत. दारू पिऊन चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन. माणूस दंडाच्या रकमेला भीत नाही, पकडलं जाण्याला भितो. महिन्यातून एकदा मोठी मोहीम घेण्यापेक्षा रोज थोडी, जागा बदलून बदलून केलेली तपासणी जास्त काम करते.

कॅमेऱ्यांबाबतही तेच. एका जागचा कॅमेरा लोकांना दोन दिवसांत पाठ होतो. तेवढ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा सुसाट. दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढला तर ही पळवाट राहत नाही. १० किलोमीटर पाच मिनिटांत पार केले म्हणजे वेग ताशी १२० होता, यात वाद घालायला जागाच नाही. मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक ठळकपणे लावावा लागतो आणि चलनाची नोटीस १५ दिवसांत पोहोचवावी लागते. हे पाळलं नाही तर चलन टिकत नाही आणि व्यवस्थेवरचा विश्वासही जातो.

वेगमर्यादेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत कारची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. शाळा, मंडई, फेरीवाले असलेल्या रस्त्यावर ७०! पायी माणसाला गाडी लागू शकते तिथे ३० हा जगभर धरला जाणारा आकडा आहे. कलम ११२ प्रमाणे यापेक्षा कमी मर्यादा ठरवायचा अधिकार राज्याला आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सरासरी वेग पाच टक्क्यांनी उतरला तरी जीवघेणे अपघात जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतात, असा वेगाचा हिशोब आहे.

आणि रस्त्याच्या चुकीबद्दल : कलम १९८अ प्रमाणे रस्त्याचं आरेखन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कोट्यवधींच्या कंत्राटापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण कलमाचं महत्त्व वेगळं आहे. ते लागलं की रस्त्याचा दोष नोंदवावाच लागतो. ई-डार या संगणकीय नोंदणीत रस्ते विभागाच्या अभियंत्याने जागा पाहून भरायचा भाग आहेच. तो भाग मनापासून भरला जातो का, हे जिल्हा समितीने तपासलं पाहिजे.

गिअरबॉक्स

पुण्याच्या नवले पुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने सुमारे ४८ वाहनं उडवली. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत सलग उतार आहे. ब्रेक फेल झाले, असं बातमीत येतं. ब्रेक आपोआप फेल होत नाहीत, ते तापतात.

हिशोब बघा. ४० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरला तर जवळपास ३९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. म्हणजे साधारण एक लिटर डिझेल जळल्यावर निघते तेवढी उष्णता. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारा) चालू असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर येतो. लायनिंग तापून गुळगुळीत होतं, ड्रम फुगतो, पेडल दाबूनही पकड मिळत नाही. घाबरून चालक परत गिअर टाकायला जातो, पण त्या वेगात खालचा गिअर पडत नाही.

खाली पुलाजवळ रम्बलर (गाडीला खडखडाट जाणवून देणारे आडवे पट्टे) आणि वेगाचे फलक लावून उपयोग मर्यादित आहे. तिथे पोहोचेपर्यंत गाडी हातातून गेलेली असते. उपाय उतार सुरू होण्याआधी हवा : बोगद्याच्या अलीकडे जड वाहनांना सक्तीचा थांबा, ब्रेकची हवा आणि ड्रमचं तापमान बघणारं पथक, आणि 'पुढे किती किलोमीटर उतार, गिअर कोणता' हे मराठी-हिंदीत चित्रासह सांगणारा मोठा फलक. मधल्या टप्प्यात डाव्या हाताला सुटका मार्ग हवा. जाड गोल गोट्यांचा, मीटरभर खोल थर असलेली चढती पट्टी. चाकं रुततात आणि गाडी थांबते. इथे खडी वापरून चालत नाही. टोकदार खडी दबून घट्ट बसते, मग चाक रुतत नाही. गोटे दर काही महिन्यांनी उकरून सैल करावे लागतात. मातीने भरलेला सुटका मार्ग म्हणजे नुसता चढ.

पंचगंगा

पश्चिम महाराष्ट्रात दर हंगामात जाणारे बळी या चर्चेत यायलाच हवेत. ऊस गाळप सुरू झालं की रात्रभर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात.

ताशी ८० वेगाने येणाऱ्या गाडीला थांबायला साधारण १२० मीटर लागतात. डिपरच्या उजेडात ५०-६० मीटरपुढचं नीट दिसत नाही. म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते, चालक कितीही सावध असो.

ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल परावर्तक पट्टी लावली, की काम झालं असं समजतात. पण ऊस फळीच्या मागे हात-दोन हात बाहेर येतो आणि पाचट लोंबतं. पट्टी, मागचा दिवा, नंबर, सगळं झाकलं जातं. त्यामुळे फळीवरची पट्टी हवीच, शिवाय भरलेल्या मोळ्यांच्या शेवटी बाहेरून बांधायचा परावर्तक कापडी पट्टा हवा, दोन्ही कडांना एकेक, म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते. बाजूंना पिवळी पट्टी हवी, कारण फाट्यावर ट्रॉली आडवी असते तेव्हा मागची लाल पट्टी दिसतच नाही.

अंमलबजावणी रस्त्यावर पोलिसांनी करायची म्हटली तर किती ठिकाणी करणार? प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. काट्यावर नियम करा : पट्टा आणि दिवे नसतील तर पुढच्या खेपेची चिठ्ठी नाही. वाहतुकीचं बिल कारखान्याकडून निघतं, त्यामुळे तिथला नियम लगेच पाळला जातो. साखर आयुक्तालयाने गाळप परवान्याच्या अटींत हे घालावं.

अजून एक. पंक्चर झाली की ट्रॉलीभोवती दगड मांडतात. पंक्चर काढून ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात. पहाटे दूध घालायला निघालेला दुचाकीवाला त्यावर आपटतो. प्रत्येक ट्रॅक्टरला दोन घडीचे त्रिकोण सक्तीचे करावेत. किंमत उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही.

पाणंद

गावातल्या गतिरोधकांवर थोडं. मानकाप्रमाणे गोल गतिरोधक रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर आणि मध्ये १० सेंमी उंच असतो. त्यावरून ताशी २५ ने गाडी सहज जाते, जोरात आली तर हादरा बसतो. गावोगावी दिसतात ते दोन फूट रुंद आणि वीतभर उंच डांबराचे उंचवटे. त्यावर कार हळू केली तरी खाली घासते आणि मागे बसलेली बाई दुचाकीवरून पडते. पांढरे पट्टे नसतात, ४० मीटर आधीचा फलक नसतो. अपघातानंतर रास्ता रोको होतो आणि त्याच रात्री असा उंचवटा टाकून मिळतो. लोकांची मागणी रास्त असते, मिळतं ते धोकादायक. मागणीपत्रातच माप लिहा.

दुभाजकाचंही तसंच. ढाब्यासाठी किंवा शेतात जायला दुभाजक फोडतात, प्राधिकरण बुजवतं, लोक परत फोडतात. शेत पलीकडे आणि वळायची सोय दोन-तीन किलोमीटरवर असेल तर माणूस उलट्या बाजूने जाणारच. आधी भुयारी वाट किंवा उजवीकडे वळणाऱ्या गाडीला थांबायला वेगळी मार्गिका द्या, मग फट बुजवा. क्रम उलटा झाला की समोरासमोरची टक्कर ठरलेली.

अपघातविभाग

घाटमाथा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला एक जोड : आदळल्यानंतरचा पहिला तास. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत आणि रुग्णालयही. तरी लोक 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून पुढे जातात. हा फलक रुग्णालयाच्या दारात आणि पोलीस ठाण्यात मराठीत असायलाच हवा.

मे २०२५ पासून केंद्राच्या विनारोकड योजनेत जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी रुग्णालय योजनेत नोंदलेलं असावं लागतं, नाहीतर फक्त प्रकृती स्थिर करेपर्यंतचा खर्च मिळतो. म्हणून प्रत्येक टोलनाक्यावर आणि १०८ च्या चालकाकडे जवळच्या नोंदलेल्या रुग्णालयांची यादी हवी.

जागेवरच्या लोकांसाठी : रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. तोंडाने पाणी देऊ नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान सरळ धरून ठेवा. जखमीला दोघांनी हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकण्याने मणक्याची इजा वाढते.

शिस्तप्रिय

वकीलताई, पकडलं जाण्याची खात्री हा मुद्दा मान्य. खडीकर, उलट्या जोडाचं वाचून आमच्या जवळच्या कठड्याचे फोटो बघितले. कौलं उलटी आहेत, सुरुवातीला शेपटीही आहे. आमच्या फाट्यावर अपघातही सतत होतात. ही जागा 'ब्लॅक स्पॉट' म्हणून नोंदवून घ्यायला नेमकं काय करावं लागतं?

घाटमाथा

व्याख्या आधी पक्की करून घ्या. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. दोन्हींपैकी एक पुरे. 'सतत अपघात होतात' असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो, आकड्यांचा पडत नाही.

माहिती अधिकारात पोलीस ठाण्याकडे त्या पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या गुन्ह्यांची यादी मागा : तारीख, वेळ, वाहनांचे प्रकार, मृत आणि गंभीर जखमी, किलोमीटरचा दगड. फिर्यादीत जागा 'अमुक हॉटेलसमोर' अशी असते, म्हणून प्रत्येक जागा नकाशावर तुम्हालाच बसवावी लागेल. जागा दोन ठाण्यांच्या हद्दीवर असेल तर दोन्हीकडे अर्ज करा. अशा ठिकाणी ३ आणि ३ अशी विभागणी होऊन पट्टा यादीतून निसटतो.

मग एका कागदावर रस्त्याची सरळ पट्टी काढून त्यावर प्रत्येक अपघात खुणेने दाखवा, रात्रीचे काळे आणि दिवसाचे पोकळ. पाच-सहा खुणा पडल्या की स्वरूप उमगायला लागतं. सगळे काळे एका जागी आले तर उजेडाचा किंवा परावर्तकाचा प्रश्न. सगळे एकाच दिशेच्या गाड्यांचे असतील तर उतार किंवा न दिसणारं वळण. पायी चालणारे जास्त असतील तर ओलांडायची सोय नाही.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष म्हणून. प्रत रस्त्याच्या मालकाला : राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्रकल्प संचालक, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामचे कार्यकारी अभियंता. मालक कोण हे आधी शोधा, नाहीतर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहतो. पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागा.

मागणी दोन भागांत लिहा. लगेच होणारी : पट्टे, फलक, रम्बलर, परावर्तक, झुडपं तोडणं, कठड्याचे जोड आणि टोक. वेळ लागणारी : भुयारी वाट, वळणाची सुधारणा. पहिला भाग वेगळा नसला तर 'उड्डाणपुलाचा प्रस्ताव विचाराधीन' एवढ्या उत्तरावर सगळंच अडून राहतं.

कठड्याचे फोटो काढताना शेजारी मोजपट्टी उभी धरा, उंची वाचता आली पाहिजे. जोडाचा फोटो वाहतूक ज्या बाजूने येते तिकडून काढा आणि चौकटीत किलोमीटरचा दगड येऊ द्या.